टेलिफोन हायब्रिड

श्रोत्याचा फोन थेट प्रक्षेपणात घेण्यासाठी स्टुडिओचा मिक्सर व टेलिफोन लाइन यांच्यामध्ये बसवलेले उपकरण. साध्या लाइनच्या दोनच तारांवर जाणारा व येणारा आवाज एकत्र वाहतो. हायब्रिड तो वेगळा करते. हे नीट साधले नाही, तर निवेदकाचाच आवाज पोकळ होऊन परततो. श्रोत्याला त्याचा स्वतःचा आवाज वगळून उरलेला कार्यक्रम ऐकवतात. मुंबईत २००२ पासून खाजगी एफएम केंद्रे आली. अशा केंद्राला अनेक फोन घ्यायचे तर शहरातील दूरध्वनी कंपनी एमटीएनएलची पीआरआय ही डिजिटल जोडणी एकाच वेळी ३० कॉल वाहते. जुन्या दोन तारांच्या लाइनवर ध्वनिपट्टा ३०० ते ३४०० हर्ट्‌झ, म्हणून बोरिवलीसारख्या उपनगरातला श्रोता डब्यातून बोलल्यासारखा वाटे. त्याच्या घरचा रेडिओ चालू राहिला, तर सगळी जुळणी व्यर्थ; ‘आधी रेडिओ बंद करा’ हे निवेदकाला सांगावेच लागते.