संकरित स्पोर्ट्स मोटारगाडी

संकरित स्पोर्ट्स मोटारगाडी : अंतर्ज्वलन-एंजिन व विद्युत् चलित्र या दोहोंच्या संयोगाने वेग व प्रवेग वाढविणारी आणि त्याच वेळी इंधनाचा खप कमी ठेवू पाहणारी मोटारगाडी. या दोन उद्दिष्टांत मुळातच विरोध आहे. जोरकस एंजिन मोठे असते व शहरातील संथ वाहतुकीत त्याच्या शक्तीचा अल्पांशच उपयोगात येत असल्याने पुष्कळ इंधन व्यर्थ जाते. विद्युत् चलित्र स्थिर अवस्थेपासूनच भरपूर पीडन परिबल देते, तसेच गतिरोधनाच्या वेळी जनित्राप्रमाणे चालून एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणाऱ्या गतिज ऊर्जेचा काही भाग परत मिळविते. त्याची जोड मिळाल्यास एंजिन लहान ठेवता येते. मात्र चलित्र व विद्युत् घटमाला यांचे वजन गाडीस सतत वाहावे लागते. या प्रकारच्या गाड्यांच्या इतिहासात हे वजन पुनःपुन्हा आडवे आलेले दिसते.

ताशी १०० किमी. वेगाची मर्यादा प्रथम ओलांडणारी मोटारगाडी विजेवर चालणारी होती. बेल्जियन चालक कामीय जेनाट्सी यांनी ती १८९९ मध्ये पॅरिसजवळ चालविली. तथापि घटमाला लवकर रिकामी होणे हा अशा गाड्यांचा मोठा दोष होता. त्यावर उपाय म्हणून व्हिएन्ना येथील लोनर कारखान्यातील तरुण अभियंते फेर्डिनांट पोर्श (१८७५–१९५१) यांनी १९०० मध्ये ‘सेम्पर विव्हस’ ही गाडी तयार केली. तिच्यातील दोन लहान पेट्रोल एंजिने जनित्रे फिरवीत व त्या विजेवर चाकांच्या तुंब्यांत बसविलेली चलित्रे चालत. एंजिन व चाके यांत यांत्रिक जोडणी नव्हती. तिच्यावरून पुढे ‘मिक्स्ट’ या गाड्या बनविण्यात आल्या. परंतु त्या महाग व जड होत्या. पेट्रोल एंजिन सुधारत गेले तशी ही कल्पना मागे पडली.

टोयोटा कंपनीची ‘प्रिअस’ ही गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली व संकरित गाडीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. प्रिअस ही काटकसरीची कौटुंबिक गाडी होती. होंडा कंपनीने १९९९ मध्ये आणलेली ‘इन्साइट’ दोन आसनांची, अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची व दिसण्यात स्पोर्ट्स गाडीसारखी होती, पण तिचे एंजिन केवळ ९९५ घ. सेंमी.चे होते. त्याच कंपनीच्या ‘सीआर-झेड’ या गाडीने (२०१०) सहा टप्प्यांची हाताने बदलायची गिअरपेटी देऊन दोन्ही गुण साधण्याचा प्रयत्न केला. जपानमधील वर्षातील सर्वोत्कृष्ट गाडीचा मान तिला मिळाला. तथापि वेगाच्या चाहत्यांना ती मंद वाटली व काटकसर हवी असणाऱ्यांना प्रिअसच अधिक सोयीची होती.

या कल्पनेचे खरे चीज झाले ते शर्यतींत. फॉर्म्युला-१ शर्यतींत २००९ मध्ये गतिज ऊर्जा परत मिळविणाऱ्या यंत्रणेस अनुमती मिळाली. दर फेरीस ४०० किलोज्यूल ऊर्जा ६० किवॉ. शक्तीने, म्हणजे सुमारे साडेसहा सेकंद, वापरता येई. त्याच वर्षी हंगेरीतील शर्यत लूइस हॅमिल्टन यांनी मॅक्‌लॅरेन गाडीतून जिंकली व संकरित गाडीचा या शर्यतींतील पहिला विजय नोंदला गेला.

जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथील २०१० सालची चोवीस तासांची शर्यत याहून बोधप्रद आहे. पोर्श कंपनीच्या ‘९११ जीटी ३ आर हायब्रिड’ या गाडीत घटमालेऐवजी चालकाच्या शेजारी मिनिटास ४०,००० फेऱ्यांपर्यंत फिरणारे विद्युत् प्रचक्र होते. गतिरोधनात पुढील चाकांवरील दोन चलित्रांकडून ते ऊर्जा साठवी व वळणातून बाहेर पडताना ती काही सेकंद परत देई. एका टाकीत अधिक अंतर जात असल्याने इंधन भरण्यासाठी थांबण्याचे प्रसंग कमी येत. येथे काटकसर हाच वेग ठरला. ही गाडी कित्येक तास आघाडीवर होती. शर्यत संपण्यास दोन तासांहून कमी अवधी असताना ती बंद पडली, आणि दोष निघाला तो नव्या यंत्रणेत नव्हे, तर जुन्या परिचित एंजिनात. ल मां येथे २०१२ मध्ये आउडी कंपनीच्या संकरित गाडीने विजय मिळविला. फॉर्म्युला-१ मध्ये २०१४ पासून प्रत्येक गाडीस एका शर्यतीस १०० किग्रॅ. इंधनाची मर्यादा घालण्यात आली. तत्पूर्वी सुमारे दीडपट इंधन लागे. मर्सिडीझच्या या वर्गातील एंजिनाने २०१७ मध्ये चाचणी-मंचावर ५० टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता गाठली.

रस्त्यावरील गाड्यांत हिशेब इतका स्वच्छ नव्हता. २०१३ च्या सुमारास आलेल्या पोर्श ‘९१८ स्पायडर’, मॅक्‌लॅरेन ‘पी १’ व फेरारी ‘लाफेरारी’ या तिन्ही गाड्या सुमारे ९०० अश्वशक्तीच्या किंवा अधिक होत्या. त्यांपैकी ९१८ चा इंधनखप युरोपीय चाचणीत दर १०० किमी.स सुमारे ३ लि. नोंदला गेला. बीएमडब्ल्यू ‘आय ८’ (२०१४–२०) हिचा आकडा २·१ लि. होता. तिचे एंजिन दीड लि. व तीन सिलिंडरांचे असून स्थिर अवस्थेपासून ताशी १०० किमी. वेग ती ४·४ सेकंदांत गाठी.

हे आकडे समजण्यासाठी तेव्हाचा नियम पाहणे आवश्यक आहे. घटमाला पूर्ण भरल्यावर विजेवर कापलेले अंतर आणि त्यापुढे, घटमाला रिकामी असताना, फक्त २५ किमी. असे धरून सरासरी काढीत. आय ८ चा विद्युत् पल्ला ३७ किमी. होता. पुढील २५ किमी.स १·३ लि. पेट्रोल लागले, तर ते एकूण ६२ किमी.वर वाटले जाऊन २·१ हा आकडा मिळे. भरलेल्या विजेचा खर्च त्यात नसे. अमेरिकी चाचणीत, केवळ पेट्रोलवर, हीच गाडी दर १०० किमी.स सुमारे ८·४ लि., म्हणजे चौपट, इंधन घेई. इतक्या वेगवान गाडीस ८·४ लि. हाही वाईट आकडा नव्हे. परंतु कर, सवलती व कंपन्यांवरील उत्सर्जन-मर्यादा यांचा हिशेब युरोपात पहिल्या आकड्यावर होई. दर किमी.स ५० ग्रॅ.हून कमी कार्बन डाय-ऑक्साइड सोडणारी गाडी कंपनीच्या सरासरीत काही वर्षे एकाहून अधिक गणली जाई. आय ८ चा आकडा ४९ ग्रॅ. होता. घटमाला कधीच न भरणाऱ्या मालकाच्या दृष्टीने तर ती बव्हंशी वाहून न्यावयाचे ओझेच होती. युरोपात २०१७ पासून नवी चाचणीपद्धती लागू झाली.

यानंतर काटकसरीचा दावा काहीसा मागे पडला. पोर्शची २०२४ मधील ‘९११ करेरा जीटीएस’ बाहेरून विद्युत् भारित करता येत नाही व केवळ विजेवर चालतही नाही. तिची घटमाला १·९ किवॉ. तासांची असून एक चलित्र गिअरपेटीत, तर दुसरे टर्बोचार्जरच्या दंडावर आहे. हे दुसरे चलित्र निष्कास वायूंतील ऊर्जेपासून वीजही निर्माण करते. आधीच्या प्रतिमानापेक्षा वजन सुमारे ५० किग्रॅ.नेच वाढले व न्यूर्बुर्गरिंगची फेरी ८·७ सेकंदांनी कमी झाली. इंधनखप मात्र दर १०० किमी.स १० लि.हून अधिकच आहे.