प्रोसेसर-शीतन, लहान सर्व्हर-पेटीतील

आटोपशीर सर्व्हर-पेटीतील प्रोसेसरची उष्णता कमीत कमी आवाजात बाहेर काढण्याची व्यवस्था. प्रमाणित एक-युनिट पेटी जेमतेम ४४.४५ मिमी. उंच असल्याने तीत फार तर ४० मिमी. व्यासाचे पंखे बसतात आणि पुरेशी हवा खेळवण्यासाठी ते मिनिटाला १०,००० हून अधिक फेरे घेत असल्याने कर्कश आवाज होतो. पंख्याचा वेग दुप्पट केल्यास हवा दुप्पट वाहते, वीज मात्र आठपट लागते. म्हणूनच थोडी उंच पेटी घेऊन मोठा पंखा मंद फिरवणे केव्हाही श्रेयस्कर. प्रोसेसर आणि त्यावरील धातूच्या पात्यांचा उष्णताशोषक यांमधील सूक्ष्म फटी औष्णिक लेपाने बुजवतात. परंतु लेप जाड थापल्यास तोच उष्णतेला अडसर ठरतो. पात्यांत धूळ साचल्यासही शीतन मंदावते.

हवेऐवजी द्रवानेही शीतन करता येते. पुण्यातील पाषाण येथील ‘आयसर’ संस्थेत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या, सी-डॅकनिर्मित ‘परम ब्रह्म’ महासंगणकात थेट संपर्क द्रवशीतन वापरले आहे. या पद्धतीत द्रव वाहणारी धातूची पट्टिका प्रोसेसरला भिडवलेली असते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेत असल्याने पंख्यांवरचा भार, पर्यायाने गोंगाट, बराच घटतो.