पाद्रोआदो: एका सनदेची कुळकथा

सनद देणारा एक, अंमल चालविणारा दुसरा आणि दोघांच्या मध्ये रयत, ही व्यवस्था ज्यांनी आमच्या मोहाडीकडे १९५१ पर्यंत मालगुजारीत अनुभवली, त्यांना ‘पाद्रोआदो’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ उमगण्यास वेळ लागणार नाही. ‘पाद्री’ आणि ‘पाद्रोआदो’ ही दोन्ही ‘पिता’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दाची, म्हणजे आपल्या ‘पितृ’च्या सगोत्राची, अपत्ये, त्यांतील दुसऱ्याचा अर्थ आश्रयदात्याचा हक्क. पोर्तुगालच्या राजांनी पूर्वेकडे चर्चे बांधावीत, धर्मगुरूंचा खर्च सोसावा आणि त्याच्या मोबदल्यात बिशपपदांसाठी नावे सुचवावीत, असे हे पोपांनी दिलेले वतनच होते. १५३४ साली स्थापन झालेले गोव्याचे धर्मपीठ त्याच सनदेखालचे.

पुढे पोर्तुगालचे सामर्थ्य ओसरू लागले, १६२२ मध्ये रोमने ‘प्रोपागांडा’ हे आपले स्वतंत्र धर्मप्रचार-खाते उघडले, आणि एका रयतेवर दोन अंमलदार आले. मुंबईत १७९४ पासून काही चर्चे एका अंमलाखाली, तर काही दुसऱ्याखाली. श्रद्धा एकच, संस्कार तेच. तंटा हुकूम कोणाचा एवढाच.

१८८६ च्या करारनाम्याने सिलोनमधील पाद्रोआदोची चर्चे प्रोपागांडाकडे वर्ग होऊ लागली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या धर्मगुरूंकडून संस्कार घेतलेल्या तेथील काही भाविकांच्या अंतःकरणाला तो हुकूम मानवेना. गोव्यातील वेर्णे येथे १८३६ साली जन्मलेले पाद्री अल्वारिस त्यांचे पुढारी झाले, आणि १८८९ मध्ये मलंकार सीरियन परंपरेतील बिशपाकडून अभिषेक घेऊन ‘मार ज्युलियस’ या नावाने स्वतः बिशप झाले. रोमशी नाते तुटले, तरी लॅटिन उपासनाविधी त्यांनी सोडला नाही. आणि मला या कथेचे मर्म येथेच दिसते, कारण हे बंड नव्याच्या हव्यासाने झालेले नव्हते, तर पूर्वजांना ज्या आज्ञेत राहावयास शिकविले गेले तीच पाळण्याच्या निष्ठेतून उद्भवले होते. चुकलेल्या अंतःकरणाचा आदेशही माणसाला बांधतो, असे संत थॉमस अक्वायनस याने तेराव्या शतकातच सांगून ठेवले होते.

निराधारांची सेवा करीत राहिलेले अल्वारिस १९२३ मध्ये रायबंदर येथे वारले, ते रोमच्या अधिकाराबाहेरच. ज्या सनदेपायी त्यांनी आपले सर्वस्व पणाला लावले, तिचा स्वतंत्र भारतातील धर्मपीठांवरचा हक्क पोर्तुगालने १९५० च्या करारात सोडून दिला; आमच्याकडची मालगुजारी गेली त्याच्या आदल्याच वर्षी.