सारथ्याविना गाडी : एका कारखान्याचे पाच निर्णय



आठवड्याच्या बाजाराहून परतताना रात्री गाडीवानाला डुलकी लागते. कासरा हातातून सैल पडतो. तरी बैल नेमक्या वळणावर वळतात, ओढ्याच्या उतारावर आपण होऊन पाय आवरतात आणि गाडी आपल्याच अंगणात आणून उभी करतात. खेड्यात याचे कुणाला नवल वाटत नाही. परंतु त्याच गाडीचे चाक वाटेत कुणाच्या उभ्या पिकातून गेले, तर पंचांपुढे कोण उभा राहतो? बैल नव्हे, गाडीवान! गाडी आपली आपण चालणे ही एक गोष्ट झाली; तिच्याबद्दल जाब कोणी द्यावयाचा, ही दुसरी. आज ज्या कारखान्याची हकीकत सांगावयाची आहे, तो नेमका या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत येऊन उभा राहिला आहे.

या कारखान्याचे नाव टेस्ला. २००३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग या दोन अभियंत्यांनी तो काढला. दुसऱ्या वर्षी ईलॉन मस्क यांनी त्यात पैसा घातला आणि २००८ पासून कारभाराची सूत्रे त्यांच्याकडे आली. विजेवर चालणाऱ्या मोटारी करावयाच्या, हा कारखान्याचा उद्देश.

आता विजेची मोटार ही काही या शतकातील नवलाई नव्हे, बरे का! १८९७ साली न्यूयॉर्क शहरात बॅटरीवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या होत्या. पुढे 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी' या नावाने तो धंदा वाढला. या कंपनीचे धोरण मोठे चमत्कारिक होते. गाड्या विकावयाच्या नाहीत, आपल्याच मालकीच्या ठेवावयाच्या आणि भाड्याने फिरवावयाच्या! बॅटरी उतरली की गाडी ठाण्यावर यावयाची, तेथे भरलेली बॅटरी चढवावयाची आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. परंतु बॅटऱ्यांची निगा, ठाण्यांचा खर्च आणि गुंतलेले भांडवल यांचा मेळ बसला नाही. १९०७ साली कंपनीचे दिवाळे निघाले. १९०८ साली हेन्री फोर्ड यांची पेट्रोलवरची 'मॉडेल टी' आली. १९१२ साली हँडल न मारता मोटार सुरू करण्याची सोय कॅडिलॅक गाडीत झाली आणि विजेच्या गाडीचा एक मोठा फायदा संपला. हा जुना इतिहास ध्यानात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

टेस्लाचा पहिला निर्णय होता तो किमतीचा. नवा माल स्वस्त काढून पुष्कळ विकावा, असे कोणीही म्हणेल. परंतु बॅटरीच एवढी महाग होती की स्वस्त गाडी काढणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी उलटी वाट धरली. २००६ साली मस्क यांनी हा बेत उघडपणे लिहून ठेवला : आधी श्रीमंतांसाठी महाग गाडी, त्या पैशातून मध्यम किमतीची, आणि तिच्या पैशातून सामान्य माणसाची. २००८ साली पहिली गाडी आली. तिची किंमत लाख डॉलरच्या वर होती आणि तिच्या बॅटरीत लॅपटॉपमध्ये असतात तसल्या लहान घटांपैकी ६ हजारांहून अधिक घट जोडलेले होते. त्याच वर्षी जगभर मंदी आली आणि कारखाना बुडता बुडता वाचला. २००९ साली जर्मनीच्या डाइमलर कंपनीने ५ कोटी डॉलर घातले. अमेरिकेच्या सरकारने ४६ कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. ते २०१३ साली मुदतीपूर्वीच फेडण्यात आले. २०१२ साली दुसरी आणि २०१७ साली तिसरी पायरी गाठली गेली. सरकारी कर्जावर उभ्या राहिलेल्या एखाद्या साखर कारखान्याशी ज्यांचा संबंध आला असेल, त्यांना योग्य वेळी मिळालेल्या भांडवलाचे मोल निराळे सांगावयास नको.

दुसरा निर्णय, शक्य तेवढे सर्व आपल्या घरात करण्याचा. इतर मोटार कारखाने सुटे भाग बाहेरून आणतात आणि माल विकावयास दुकानदार नेमतात. टेस्लाने विक्रीची दुकाने आपलीच काढली. रस्तोरस्ती वीज भरण्याची ठाणी आपलीच उभारली. नेव्हाडा राज्यात जपानच्या पॅनासॉनिक कंपनीला बरोबर घेऊन बॅटरीचा प्रचंड कारखाना बांधला. या धोरणाचा फायदा झाला, तसा तोटाही. २०१८ साली माणसांऐवजी यंत्रमानवांवर फार भिस्त ठेवल्यामुळे उत्पादनच अडले. शेवटी कारखान्याच्या आवारात मोठा तंबू ठोकून, माणसे लावून गाड्या जोडाव्या लागल्या. यंत्रांचा अतिरेक झाला, हे मस्क यांनी स्वतः कबूल केले. पुढे २०१९ मध्ये चीनमधील शांघाय येथे त्यांनी एका वर्षाच्या आत नवा कारखाना उभा करून चालू केला.

येथपर्यंतची गोष्ट मोटारीची झाली. आता सारथ्याकडे वळू.

गाडीने आपण होऊन चालावे यासाठी आधी तिला दिसले पाहिजे. २००४ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका संस्थेने मोहावीच्या वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत लावली. दीडशे मैलांच्या आसपासची वाट होती. सर्वांत पुढे गेलेली गाडी साडेसात मैलसुद्धा पार करू शकली नाही! पण अवघ्या एका वर्षाने, २००५ साली, पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची गाडी पहिली आली. २००९ साली गूगल कंपनीने हे काम हाती घेतले. त्यातूनच पुढे 'वेमो' ही कंपनी निघाली.

वेमोने गाडीला तीन प्रकारची इंद्रिये दिली : कॅमेरे, रेडिओलहरींनी वेध घेणारे रडार, आणि प्रकाशकिरण सोडून अंतर मोजणारे लायडार नावाचे यंत्र. टेस्लाचा तिसरा निर्णय याच्या अगदी उलट होता. त्यांचा युक्तिवाद असा : माणूस दोन डोळ्यांनीच गाडी हाकतो ना? मग यंत्रालाही डोळे पुरेत! २०२१ पासून अमेरिकेतील आपल्या गाड्यांतून त्यांनी रडार काढून टाकावयास सुरुवात केली. यामागे व्यापारी हिशेब होता. कॅमेरा स्वस्त असतो, म्हणून तो प्रत्येक गाडीत बसविता येतो. लाखो गाड्या रोज रस्ते पाहतात, आणि त्या पाहण्यातून यंत्र शिकते. वेमोची गाडी महाग. तिला एकेका शहराचा बारीक नकाशा करावा लागतो. मात्र २०२० च्या ऑक्टोबरात फीनिक्स शहरात तिने पुढच्या आसनावर कोणीही नसताना सामान्य प्रवाशांची ने-आण सुरू केली.

म्हणजे बघा, एकाने लाखो विद्यार्थ्यांची शाळा भरविली, पण परीक्षा पुढे ढकलली. दुसऱ्याने मोजकेच विद्यार्थी घेतले आणि त्यांना परीक्षेला बसविले. यांत शेवटी कोणाची पद्धत खरी ठरेल, यावर जाणत्या माणसांतही मतभेद आहेत. परंतु धुके, समोरून येणारे ऊन आणि काळोख यांत नुसत्या डोळ्यांची कसोटी लागते, हे रात्री एस.टी. चालविणारा कोणीही ड्रायव्हर सांगेल.

चौथा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो आहे, वचन आगाऊ विकण्याचा. २०१६ च्या ऑक्टोबरात टेस्लाने जाहीर केले की यापुढच्या प्रत्येक गाडीत संपूर्ण स्वयंचलनाला लागणारी सामग्री असेल. ती विद्या अजून तयार झालेली नव्हती. पण तिचे पैसे गाडीबरोबरच घेतले जाऊ लागले. २०१९ साली मस्क म्हणाले की पुढच्या वर्षी अशा दहा लाख भाड्याच्या गाड्या रस्त्यावर असतील. २०२० साल आले आणि गेले. गाड्या आल्या नाहीत. तरी २०२२ मध्ये अमेरिकेत या विद्येची किंमत १५ हजार डॉलरवर गेली होती.

या पैशाने संशोधनाला हातभार लागला, हे नाकारता येणार नाही. पण वचनाचे शब्द माणसाच्या वागण्यावर परिणाम करतात. 'गाडी आपली आपण चालते' असे ऐकले की माणूस डोळे मिटतो. २०१६ च्या मे महिन्यात फ्लॉरिडात अशाच एका गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या ट्रकला धडक दिली आणि चालकाचा मृत्यू झाला. २०२३ च्या डिसेंबरात चालकाचे लक्ष राखण्याची व्यवस्था सुधारण्यासाठी अमेरिकेतील २० लाखांहून अधिक गाड्यांची आज्ञावली बदलावी लागली. २०२४ मध्ये त्या विद्येच्या नावातच 'देखरेखीखाली' हा शब्द घालण्यात आला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये मायामीच्या ज्यूरीने २०१९ च्या एका अपघातात कंपनीलाही अंशतः जबाबदार धरून सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई द्यावयास सांगितले. त्या प्रसंगी चालक खाली पडलेला फोन उचलीत होता. ज्यूरीने दोषाचा मोठा वाटा त्याच्याकडे आणि एक तृतीयांश वाटा कंपनीकडे ठेवला. कंपनीला हा निकाल मान्य झाला नाही.

आता पाचवा निर्णय, आणि खरी दुविधा. पुढे स्वस्त गाडी काढून ती घरोघरी विकावी, की चालकाविना भाड्याच्या गाड्यांवर सर्व भार टाकावा?

आकडे पाहा. टेस्लाने २०२३ साली १८ लाखांहून थोड्या अधिक गाड्या ग्राहकांना दिल्या. २०२४ साली तो आकडा १७ लाख ८९ हजारांवर आणि २०२५ साली १६ लाख ३६ हजारांवर उतरला. याच २०२५ साली चीनच्या बीवायडी कंपनीने केवळ बॅटरीवर चालणाऱ्या साडेबावीस लाखांहून अधिक मोटारी विकल्या आणि वर्षाच्या हिशेबात पहिला क्रमांक घेतला. ही कंपनी १९९५ साली बॅटरी करणारी म्हणून निघालेली आणि स्वस्त गाड्यांत तरबेज. येथे फोर्डची आठवण होते. 'मॉडेल टी' एवढी खपली की फोर्ड यांना दुसरे काही सुचेना. ग्राहकांची आवड बदलली, जनरल मोटर्सने नवनवे नमुने आणले, आणि १९२७ साली दीड कोटी गाड्या निघाल्यानंतर तो नमुना बंद करावा लागला. जिंकलेल्या माणसाला आपली जुनी युक्ती सोडवत नाही, हेच खरे.

मस्क यांनी मात्र दुसरी वाट पसंत केली. माणसाने चालवावयाची २५ हजार डॉलरची गाडी काढणे निरर्थक आहे, असे ते २०२४ च्या ऑक्टोबरात म्हणाले. त्याच महिन्यात त्यांनी सुकाणूच नसलेल्या भाड्याच्या गाडीचा नमुना दाखविला. २०२५ च्या जूनमध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात त्यांनी काही थोड्या गाड्या भाड्याने सुरूही केल्या. प्रारंभी कंपनीचा एक माणूस पुढे, रिकाम्या चालकाच्या शेजारच्या आसनावर बसत असे.

या वाटेवर कोण कोण अडखळले, तेही पाहा. २०१८ साली उबर कंपनीच्या चाचणीच्या गाडीखाली ॲरिझोनात एक पादचारी स्त्री मरण पावली. २०२० च्या अखेरीस उबरने तो विभागच दुसऱ्याला देऊन टाकला. जनरल मोटर्सने 'क्रूझ' कंपनीवर हजार कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या गाडीने एका जखमी स्त्रीला फरफटत नेले, परवाने स्थगित झाले आणि २०२४ च्या डिसेंबरात भाड्याच्या गाड्यांचा बेत सोडण्यात आला. १९०७ ची ती न्यूयॉर्कची कंपनी आठवली का? गाडी विकली की कारखानदाराचा बराचसा पैसा मोकळा होतो. गाडी आपल्याकडे ठेवून भाड्याने फिरविली की भांडवल अडकते, धुणेपुसणे, वीज, विमा आणि दुरुस्ती हे सारे रोज गळ्यात पडते. विद्या कितीही नवी असो, हा हिशेब सव्वाशे वर्षांपूर्वीचाच आहे.

आणि या हिशेबात एक रकमेची ओळ अशी आहे की ती आजवर गाडीमालकाच्या खात्यावर पडत होती. 'देखरेखीखाली' चालणाऱ्या गाडीत अपघात झाला, तर कंपनी म्हणू शकते की लक्ष तुम्ही ठेवावयाचे होते. पुढचे आसन कायमचे रिकामे झाले की असे म्हणता येत नाही. म्हणून गाडी केव्हा स्वतंत्र झाली, हे ठरविण्याची माझी खूण साधी आहे. जाहिरात पाहू नका. अपघाताची जबाबदारी कंपनीने कोणत्या दिवशी आपल्या सहीने घेतली, तो दिवस पाहा.

हा प्रश्न आता फार दूरचा राहिलेला नाही. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे भारतातील पहिले दालन उघडले. त्या वेळी गाडीची किंमत सुमारे ६० लाख रुपये होती, कारण ती परदेशातून जकात भरून येत होती. तेव्हा ती आपल्या गावात लवकर येईल असे नाही. परंतु आपण होऊन चालणारी यंत्रे निरनिराळ्या रूपांनी येतच राहणार : फवारणीसाठी, नांगरटीसाठी, दळणवळणासाठी. आपल्या रस्त्यावर बैलगाडी, शाळेची पोरे, उसाची ट्रॉली आणि वारीची दिंडी एकाच वेळी चालतात. ज्या यंत्राने ही गर्दी पाहिलेली नाही, त्याला येथे पुन्हा पहिलीपासून शिकावे लागेल.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात यंत्राची माहिती देताना ते कसे चालते एवढेच सांगून थांबू नका. ते विकणाऱ्याने काय वचन दिले, ते कितपत पाळले, आणि चुकल्यास भरपाई कोणाकडून मागावयाची, हे तीन प्रश्न मुलांना फळ्यावर लिहून द्या. यंत्राची माहिती पाचसहा वर्षांत जुनी होईल. हे प्रश्न मात्र त्यांना पहिली मोटारसायकल घेतानाही उपयोगी पडतील आणि ग्रामसभेत बसल्यावरही.