विंडोज ११ टाकायचं की विंडोज १० वरच थांबायचं? निर्णय घेण्याआधी हे तपासा

माझ्या मामांचं औरंगपुऱ्यात डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं. परवा त्यांचा फोन आला, "अरे, ते विंडोजचं पान सारखं समोर येतंय. दाबू का नको?" मी म्हटलं, "मामा, आज नका दाबू. रविवारी मी येतो."

एवढं सावध व्हायचं कारण म्हणजे मागच्या वेळची चूक, आणि ती माझीच होती. इंजिनिअरिंग नुकतंच संपलं होतं. दिवाळीत घरी आलो आणि हौसेने दुकानातलं ३२-बिट विंडोज काढून ६४-बिट विंडोज १० टाकून दिलं. मशीन छान पळायला लागलं. पण त्यांचा बिलिंगचा प्रोग्राम उघडेना. तो कुणीतरी फार पूर्वी डॉसच्या फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला होता, आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत. तुळशीचं लग्न उरकलेलं, लग्नसराई सुरू, आणि कुणाकडे किती उधारी आहे हेच दिसेना! डेटा डी ड्राइव्हवर होता म्हणून वाचला. चार दिवसांनी तो प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये चालू झाला. ते चार दिवस मामांनी वहीवर काढले.

तेव्हापासून "अपडेट करू का?" या प्रश्नाला मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी काही गोष्टी तपासतो. त्याच इथे क्रमाने देतोय.

आधी दोन प्रकारचे अपडेट वेगळे ओळखा

अपडेट हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

पहिला प्रकार म्हणजे सुरक्षा अपडेट. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी हे देतं. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. यात सापडलेली भोकं बुजवलेली असतात. दिसण्यात, वापरण्यात फारसा फरक पडत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मोठा अपडेट. विंडोज १० वरून ११ वर जाणं, किंवा विंडोज ११ चीच दरवर्षी येणारी नवी आवृत्ती, उदाहरणार्थ २४एच२ किंवा २५एच२. विंडोज १० वरून ११ वर जाताना तर अख्खी सिस्टीम बदलते आणि जुनी फाइलांची पेटी बाजूला ठेवली जाते.

नियम साधा आहे: पहिला प्रकार लवकर टाका, दुसरा तपासून टाका. गडबड होते ती हे दोन्ही एकाच तागडीत तोलल्यामुळे.

चालढकल आणि घाई, दोन्ही महागात पडतात

चालढकलीचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक गंभीर त्रुटी मार्च २०१७ मध्ये सुरक्षा अपडेट देऊन दुरुस्त केली. १२ मे २०१७ ला त्याच त्रुटीचा फायदा घेत वॉनाक्राय जगभर पसरला. पुढे २७ जूनला नोटपेट्या आला. त्याने मर्स्क कंपनीचं जाळं कोलमडलं आणि नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. नोटपेट्या पासवर्ड चोरूनही पसरत होता, त्यामुळे अपडेट केलेली मशीनही त्यात सापडू शकत होती. पण पसरायचा एक मोठा रस्ता तीच जुनी त्रुटी होती, आणि ती बुजवणारा अपडेट येऊन तीन महिने झाले होते.

आता घाईचं उदाहरण. विंडोज १० चा ऑक्टोबर २०१८ चा मोठा अपडेट २ ऑक्टोबरला आला आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला तो थांबवावा लागला. काही लोकांच्या फाइली उडाल्या होत्या. ज्यांनी डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखी फोल्डर दुसऱ्या जागी वळवली होती, पण काही फाइली जुन्याच जागी राहिल्या होत्या, त्यांचं जुनं फोल्डर अपडेटने फाइलींसकट पुसलं. "सी भरला, डॉक्युमेंट्स डी वर टाक" हा आपल्याकडे सर्रास होणारा प्रकार. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. म्हणजे जे सहा आठवडे थांबले, त्यांना हा त्रास झालाच नाही.

विंडोज १० बंद झालं म्हणजे नेमकं काय झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. कॉम्प्युटर चालायचा थांबत नाही, फाइली जात नाहीत. फक्त दर महिन्याचे सुरक्षा अपडेट येणं बंद होतं. दरवाजा तोच राहतो, पण कुलूप बिघडलं तर दुरुस्त करायला कुणी येत नाही.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वाढीव मुदत दिली, तिला ईएसयू म्हणतात. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर झाली. ती घ्यायचे तीन मार्ग ठेवले गेले: सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केल्या तर मोफत, किंवा १००० रिवॉर्ड्स पॉइंट, किंवा ३० डॉलरच्या आसपास एकदाच पैसे. अट अशी की विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. नोंदणी सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट' पानावरच होते. ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेल्या मशीनसाठी ही घरगुती सोय नाही, त्यांच्यासाठी वेगळी आणि महाग योजना आहे.

डिफेंडर अँटिव्हायरसच्या व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असंही मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. पण अँटिव्हायरस म्हणजे वॉचमन. भिंतीतलं भोक तो बुजवत नाही.

पहिली तपासणी: मशीन पात्र आहे का?

विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, युईएफआय आणि सिक्युअर बूट, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आणि एएमडीमध्ये रायझेन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर यादीत आहेत.

• मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप चालवा. नेमकं काय कमी पडतंय ते ते सांगतं.
• टीपीएम नाही असं आलं तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलवर ते 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' या नावाने सापडेल.
• सेटिंग्ज, सिस्टम, अबाऊट या पानावर 'सिस्टम टाइप' बघा. तिथे ३२-बिट दिसलं तर सरळ अपग्रेड होणार नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, त्यामुळे सगळं नव्याने टाकावं लागेल.

कागदावर ४ जीबी रॅम चालते, पण माझ्या अनुभवात ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर काम करताना जीव मेटाकुटीला येतो. जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाका, मग अपडेटचं बघा.

दुसरी तपासणी: तुमचं काम चालेल का?

मशीन पात्र असणं आणि तुमचं काम चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कागद घ्या आणि रोज लागणारं सगळं लिहून काढा.

• जुने प्रोग्राम. डॉस किंवा १६-बिट काळातलं काही वापरता का? तुम्ही आत्ताच ६४-बिटवर असाल तर हा प्रश्न तुमच्यासाठी आधीच सुटलाय. ३२-बिटवर असाल तर आमच्या मामांची गोष्ट आठवा.
• डाँगल. फॉन्टचं, अकाउंटिंगचं किंवा डिझाइनचं सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालत असेल, तर त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का, हे विकणाऱ्याला फोन करून विचारा. विंडोज ११ मधलं 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण काही जुने ड्रायव्हर अडवतं.
• प्रिंटर आणि स्कॅनर. कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलचा ६४-बिट ड्रायव्हर आधीच उतरवून पेन ड्राइव्हमध्ये ठेवा.
• डिजिटल सहीचं टोकन. जीएसटी, ई-टेंडर करणाऱ्यांनी टोकनचा नवा ड्रायव्हर आणि पासवर्ड हाताशी ठेवावा. रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात अपडेट करूच नये.
• मराठी फॉन्ट. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर कुठेही वाचता येतो. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइली तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतात. त्यामुळे फॉन्टच्या फाइली वेगळ्या कॉपी करा. सगळं नव्याने टाकल्यावर मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट दिसले नाहीत तर घाबरू नका. ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडले की येतात.

वाळूजच्या वर्कशॉपमध्ये एखाद्या यंत्राला जोडलेला जुना पीसी असेल तर वेगळा विचार करा. यंत्र बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नका, पण तो इंटरनेटपासूनही तोडून ठेवा.

आता निर्णय

१. मशीन पात्र, कामाचं सगळं चालणार: विंडोज ११ टाका. ते ५ ऑक्टोबर २०२१ पासून बाजारात आहे, अपग्रेड मोफत आहे, आणि अस्सल विंडोज १० चा परवाना पुढे चालतो.

२. मशीन पात्र, पण एखादं सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर अडतोय: ईएसयूची नोंदणी करा आणि त्या मुदतीत पर्याय शोधा. मुदत म्हणजे तयारीचा वेळ, ती विसरून जायची नाही.

३. मशीन पात्र नाही: ईएसयू घ्या आणि नव्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकायला लागा. फक्त ब्राउझर, मेल, युनिकोड टायपिंग एवढंच काम असेल तर उबंटू किंवा लिनक्स मिंट उत्तम चालतं. तेही आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा.

४. मशीन पात्र नाही, पण "जुगाड करून टाकून देतो" असं कुणी म्हणतंय: कामाच्या मशीनवर नको. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २४एच२ पासून तर कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही.

टाकायचं ठरलं, तर त्या दिवशी

• बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कचा तुकडा असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले.
• बॅकअपमधल्या दोन-तीन फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.
• डिस्कवर एन्क्रिप्शन चालू असेल तर बिटलॉकरची ४८ अंकी की कागदावर लिहून ठेवा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. बायोसमध्ये बदल केल्यावर मशीन ती मागू शकतं.
• आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉप चार्जरवर आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा.
• डाउनलोड काही जीबीचं असतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका.
• सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू करा. सकाळी गिऱ्हाईक दारात असताना नको.

झाल्यावर दहा दिवस खरी परीक्षा घ्या: प्रिंट, स्कॅन, सही, टायपिंग. या दहा दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरी पानावरून 'गो बॅक' करून विंडोज १० वर परत जाता येतं. त्यानंतर जुन्या फाइली पुसल्या जातात आणि हा रस्ता बंद होतो. या काळात जागा कमी पडते म्हणून 'विंडोज.ओल्ड' फोल्डर डिलीट करू नका, परतीचं तिकीट तेच आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मशीन पात्र आहे, तरी अपडेट दिसत नाही. आयएसओने टाकू का?* थांबा. एखाद्या मॉडेलवर अडचण माहीत असेल तर मायक्रोसॉफ्ट त्या मॉडेलपुरता अपडेट मुद्दाम रोखून धरतं. आयएसओने टाकलं तर हे संरक्षण चुकवलं जाऊ शकतं.

*एकदा विंडोज ११ टाकलं की सुटलो ना?* नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच आधार असतो. म्हणजे दर वर्ष-दोन वर्षांनी नवी आवृत्ती घ्यावी लागेल. मी स्वतः ती आल्यावर महिना-दीड महिना थांबतो. मासिक सुरक्षा अपडेट मात्र थांबवत नाही.

रविवारी मामांच्या दुकानात गेलो. मशीन पात्र निघालं, टीपीएम बायोसमध्ये बंद होतं. डाँगलच्या ड्रायव्हरचं विचारायला मात्र सोमवारपर्यंत थांबावं लागणार होतं. म्हणून त्या दिवशी फक्त बॅकअप घेतला आणि ईएसयूची नोंदणी करून निघालो. मामा म्हणाले, "एवढ्यासाठी आलास?" मी म्हटलं, "हो. या वेळी वही काढायला लागू नये म्हणून."