गाभ्यातले ठोके आणि बाहेरचे घड्याळ

आपल्या घरी येणाऱ्या विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने असते, अमेरिकेत ती ६० असते. या आकड्याचा संगणकातील प्रोग्रॅमशी काय संबंध, असे वर्गात कोणी विचारले तर आपण बहुधा गोंधळून जाऊ. पण संबंध आहे. तो तोडता तोडता तज्ज्ञांची बरीच दमछाक झाली.

बेल प्रयोगशाळेत १९७१ च्या सुमारास युनिक्स ही कार्यप्रणाली पीडीपी-११ या यंत्रावर आली. या यंत्राचे घड्याळ विजेच्या तारेवरूनच ठोके घेई: सेकंदाला ६०. प्रत्येक ठोक्याला कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, हातातले काम क्षणभर थांबवून हिशेब करी. कोणत्या प्रोग्रॅमने किती वेळ घेतला, आता पाळी कोणाची? ठोके मोजणे ही गाभ्याची खासगी सोय होती. मात्र प्रोग्रॅमने वेळ विचारली की गाभा तेच ठोके जसेच्या तसे बाहेर देई. पहिल्या आवृत्तीत तर दिनांकसुद्धा सेकंदाच्या साठाव्या भागात मोजलेला होता. ३२ बिटांच्या संख्येत असे ठोके जेमतेम सव्वादोन वर्षे मावतात! पुढे दिनांक सेकंदात आला, पण प्रोग्रॅमने वापरलेला वेळ सांगण्याची रीत ठोक्यांचीच राहिली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत हा आकडा उत्तर अमेरिकेत ६० असतो, असा खुलासा करावा लागला. म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने किती वेळ काम केले हे कळायला वीज कोणत्या देशातली, हे आधी ठाऊक हवे!

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. इंटेलच्या प्रक्रियकावर त्यात सेकंदाला १०० ठोके ठरले, अल्फा प्रक्रियकावर पुढे १०२४. गाभ्यातील ठोक्यांच्या मोजणीला 'जिफीज' असे गमतीदार नाव आहे. ठोके किती हे प्रणालीला विचारून घ्यावे, अशी शिस्तीची वाट उपलब्ध होती. पण गाभ्याच्या शीर्षफाइलीत तो आकडा उघड्यावर ठेवलेला होता, आणि हाताशी असलेली वस्तू कोण सोडतो? अनेक प्रोग्रॅममध्ये १०० हा आकडा कायमचा कोरला गेला. चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या 'पीएस' या साधनाची तऱ्हा तर पाहण्यासारखी होती. यंत्र सुरू होऊन किती सेकंद झाले आणि किती ठोके पडले, या दोन संख्यांचा भागाकार करून ते ठोक्यांचा वेग चक्क अंदाजाने ठरवी. आम्हाला या युक्तीचे कौतुक वाटते, पण ज्या व्यवस्थेत अशी युक्ती लागते तिचे नाही.

यंत्रे वेगवान झाली, सेकंदाला १०० ठोके अपुरे वाटू लागले. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीत इंटेलच्या प्रक्रियकासाठी ते १००० केले गेले. आता जुन्या प्रोग्रॅमचे काय? त्यांनी पूर्वीप्रमाणे १०० ने भागले असते तर एका मिनिटाचे काम दहा मिनिटांचे दिसले असते. चूक कोणाची हा वाद घालता आला असता, पण जगभर पसरलेले प्रोग्रॅम परत बोलावता येत नाहीत. म्हणून दोन आकडे वेगळे केले गेले. गाभ्यासाठी एक, बाहेरच्यांसाठी दुसरा. दुसरा १०० वरच गोठवला, आणि बाहेर जाणारी प्रत्येक संख्या दारातच रूपांतरित होऊ लागली. हे पहिल्यापासून केले असते तर बाहेर सरळ सेकंदाचा ठराविक अंश देता आला असता. आता १०० हा निव्वळ वारसा उरला आहे. तरी फायदा तात्काळ दिसला: २००५ मध्ये २.६.१३ आवृत्तीत ठोके १००, २५० की १००० हे गाभा बांधतानाच निवडण्याची मुभा मिळाली आणि बाहेर कोणाला पत्ताही लागला नाही.

आत मात्र नवी अडचण उभी राहिली. ३२ बिटांचा मोजक १०० च्या वेगाने ४९७ दिवसांनी शून्यावर येई, १००० च्या वेगाने तो पन्नास दिवसांच्या आतच येऊ लागला. त्या क्षणी उघडी पडणारी चूक शोधायला पन्नास दिवस कोण थांबणार? म्हणून मोजकाची सुरुवात शून्याऐवजी अशा संख्येपासून केली की यंत्र सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटालाच तो शून्यावर यावा. चूक असेल तर चहा होईपर्यंत कळते.

शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल तर 'प्रॉक' निर्देशिकेतील 'स्टॅट' ही फाइल विद्यार्थ्यांना उघडून दाखवावी. तिच्या दुसऱ्या ओळीत पहिल्या प्रक्रियकाचा हिशेब असतो. त्या ओळीतील संख्यांची बेरीज करावी, दहा सेकंदांनी फाइल पुन्हा उघडून बेरीज पुन्हा करावी. फरक सुमारे १००० येतो, मग आत ठोके २५० असोत वा १०००.