अतिनवताऱ्याची बातमी कुठे पडताळावी?

जागतिक वेळेनुसार १९ मे २०२३ रोजी जपानमधील हौशी खगोलनिरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत पूर्वी नसलेला एक प्रकाशबिंदू आढळला. त्यांनी तो ‘ट्रान्झिएंट नेम सर्व्हर’वर नोंदवला. काही तासांतच कॅनरी बेटांवरील लिव्हरपूल दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला, त्यात हायड्रोजनच्या रेषा मिळाल्या आणि दुसऱ्या प्रकारचा अतिनवतारा, म्हणजेच सुपरनोव्हा, असे त्याचे वर्गीकरण झाले. पुढे लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीनेही त्याचे वेध घेतले.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या वतीने २०१६ पासून हा सर्व्हर अशा शोधांना अधिकृत नावे देतो. बातमीची पहिली पडताळणी तिथेच करावी, आणि नाव नीट वाचता आले तर निम्मे काम होते. नावाआधी ‘एटी’ असेल तर तो केवळ उमेदवार. चलतारा किंवा दीर्घिकेच्या केंद्रातील उलथापालथही तसाच आभास निर्माण करते. वर्णपटाने खात्री पटल्यावरच ‘एसएन’ लागते. त्यापुढे वर्ष आणि क्रमदर्शक अक्षरे येतात. इतागाकी यांचा तारा ‘एसएन २०२३ आयएक्सएफ’. या अक्षरांवरून त्या वर्षी मे महिन्यापर्यंतच सुमारे ६,७०० नोंदी झाल्या होत्या असे कळते. त्यांतील बहुसंख्यांचा वर्णपट कधी घेतलाच जात नाही. त्यामुळे ‘नवा तारा सापडला’ एवढ्याने हुरळून जाण्याचे कारण नसते.

२०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातील काक्षी मंदावू लागली, तेव्हा तिच्या स्फोटाच्या वार्ता जगभर पसरल्या. अधिकृत नोंद मात्र कुठेच नव्हती. ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीने त्याचा प्रकाश अडवल्याचे नंतर निष्पन्न झाले.

‘अॅस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम’वर व्यावसायिक संशोधकांची त्वरित निवेदने मिळतात, ती घाईची असल्याने पुढे दुरुस्त होऊ शकतात, हे ध्यानी ठेवावे. तारा आज किती तेजस्वी आहे, यासाठी १९११ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील चलतारा निरीक्षक संघटनेचे तेजोवक्र पाहावेत. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. शोधाच्या वेळी १४.९ प्रतीचा असलेला एम १०१ मधील तारा मेअखेरीस ११ व्या प्रतीच्या आसपास पोहोचला. उघड्या डोळ्यांना अंधाऱ्या आकाशात दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा तो तेव्हाही सुमारे शंभरपट मंदच होता.